नगरपरिषदेच्या नाट्यगृहाचं नूतनीकरण : गावाला कधी विचारायचं आणि नेमकं काय विचारायचं?

तिसरी_घंटा

नगरपरिषदांच्या नाट्यगृहांची दुरुस्ती निघाली की क्रम जवळपास सगळीकडे सारखाच असतो. सल्लागार नेमतात, थ्रीडी चित्रं येतात, भूमिपूजन होतं आणि त्यानंतर कलाकार-नागरिकांची बैठक बोलावतात. तोवर निविदा निघालेली असते. बैठकीत कुणी म्हणालं की रंगमंचावर टाइल नको, लाकूड हवं, तर उत्तर मिळतं, "आता बदलता येत नाही." ते खरंही असतं. म्हणून हा धागा. लोकांना विचारायची वेळ अंदाजपत्रक तयार होण्याच्या आधीची आहे. पुढच्या सगळ्या बैठका फक्त मन मोकळं करायला उपयोगी पडतात.

उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. पणजीच्या कला अकादमीचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तू पुन्हा उघडली, तरी ध्वनी आणि प्रकाशयोजनेबद्दल रंगकर्मींच्या तक्रारी राहिल्या आणि त्या पाहायला कलाकारांचं कृतिदल नंतर नेमावं लागलं. तेच कृतिदल आधी बसवलं असतं तर? पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या (उद्घाटन २६ जून १९६८) पुनर्विकासाची चर्चा २०१८ पासून चालू आहे, कारण पाडायचं की दुरुस्त करायचं या मूळ प्रश्नावरच एकमत नाही. कोल्हापुरात ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा मात्र गावाची मागणी पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती : शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलं तसंच पुन्हा उभं करा. गावाचं म्हणणं इतकं ठाम असलं की अंदाजपत्रक करणाऱ्यालाही दिशा मिळते.

कायद्यात आधार आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यातला १३ वा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देण्याचा आहे. म्हणजे नाट्यगृह हे रस्ता-गटारांइतकंच पालिकेचं काम आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

इस्टिमेट_शाखा

टप्पे आधी समजून घ्या, नाहीतर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

पहिलं, गरज आणि प्राथमिक आराखडा. दुसरं, सविस्तर अंदाजपत्रक; यात प्रत्येक बाब दरसूचीतल्या (कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीतल्या) क्रमांकासह, मापासह लिहिलेली असते. मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. तुमची सूचना दुसऱ्या टप्प्याच्या आधी आली तर ती एक ओळ म्हणून अंदाजपत्रकात बसते. कार्यादेशानंतर तीच सूचना "अतिरिक्त बाब" होते. तिचे दर ठरवा, मंजुरी घ्या, निधी दाखवा. महिने जातात आणि ठेकेदाराचं काम थांबलं की तोही दावा लावतो. कुठलाही अभियंता ते टाळणारच. त्याला दोष देऊ नका, वेळ गाठा.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बांधकामाच्या बाबी दरसूचीत सापडतात. डिमर (दिवे कमी-जास्त करायचं यंत्र), लाइट बार (दिवे टांगायची आडवी नळी), पडद्याची मोटर, ध्वनिशोषक पॅनल या बहुतेक दरसूचीबाहेरच्या बाबी. त्यांना दरपत्रकं मागवावी लागतात आणि विनिर्देश लिहावे लागतात. घाईत असलेला सल्लागार ते काम टाळतो आणि "ध्वनी व प्रकाशयोजना, एकरकमी" अशी एकच ओळ टाकतो. त्या एका ओळीत काय आलं हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. लोकांच्या समितीने पहिली मागणी ही करावी : एकरकमी ओळ नको, बाब फोडून लिहा.

विंगेतून

वरच्या प्रतिसादाला जोडून. बॅकस्टेजच्या माणसांना विचारलं तर पुढची यादी अर्ध्या तासात मिळते, आणि ती थ्रीडी चित्रात कधीच दिसत नाही.

सामान आत येण्याचं दार : किमान ८ फूट रुंद, १० फूट उंच, आणि दार ते रंगमंच सरळ रेषेत. मध्ये काटकोनातलं वळण असलं की सेटचे फ्लॅट (भिंतींसारख्या उभ्या चौकटी) अडकतात, मग ते पुढच्या दाराने प्रेक्षागृहातून, खुर्च्यांवरून आणले जातात. खुर्च्या दोन वर्षांत फाटतात त्या अशा.

वीज : एका प्रयोगाला १००० वॅटचे ३० पार (रंगमंचाचे दिवे) लागले तर ३० किलोवॅट झाले. तीन फेजवर सारखे वाटले तर दर फेजवर साधारण ४३ अँपिअर. एलईडीमुळे भार कमी होतो, पण बाहेरून येणारा प्रत्येक संच एलईडी आणत नाही. साउंडचा पुरवठा आणि अर्थिंग डिमरपासून वेगळं हवं. नाहीतर दिवे मंद केले की स्पीकरमधून गुणगुण सुरू होते आणि हळव्या प्रसंगात नेमकी तीच ऐकू येते.

जमीन : व्हिट्रिफाइड टाइल अजिबात नको. खिळा मारता येत नाही, नर्तकांचे गुडघे जातात, उजेड परावर्तित होऊन छतावर डाग पडतात. लाकडी फळ्यांचा मंच, खाली हवा खेळायला जागा आणि वाळवीची प्रक्रिया.

फॉल्स सीलिंग : ते सुंदर दिसतं म्हणून सगळे मान डोलावतात. पण वरची दिवे लावायची मार्गिका त्यानेच बंद होते. मग समोरचे दिवे बाल्कनीच्या कठड्याला बांधायचे आणि नटाच्या चेहऱ्यावर सपाट उजेड.

रंगपटात आरशासमोर बसून पाहा : दिवा डोक्यावर असेल तर डोळ्यांखाली सावली पडते आणि रंगभूषा चुकते. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना हवेत. खर्च किरकोळ आहे, फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

चौथी_रांग

मी प्रेक्षकांच्या बाजूने थोडा हिशेब मांडते, कारण "स्वच्छतागृहं सुधारा" एवढंच लिहून दिलं की टाइल बदलतात, संख्या तेवढीच राहते.

८०० खुर्च्या, प्रयोग हाउसफुल्ल, ४०० बायका धरू. निम्म्या मध्यंतरात जातात म्हणजे २००. मध्यंतर १५ मिनिटांचं. साडी, पर्स, सोबत लहान मूल धरून प्रत्येकीला दोन मिनिटं. म्हणजे एका शौचकूपात १५ मिनिटांत सात जणी. २०० ला सातने भागा, २९ शौचकूप लागतात. आराखड्यात सहा असतील तर ४२ जणी होतात आणि १५८ जणी तिसरी घंटा झाली तरी रांगेत. २९ जमत नसतील तर मध्यंतर २५ मिनिटांचं करा, म्हणजे १७ मध्ये भागतं. हा हिशेब कागदावर मांडून दिला की अभियंत्याला नाकारणं कठीण जातं. "गैरसोय होते" हे वाक्य नाकारणं सोपं असतं.

खुर्च्यांची संख्या वाढवायची मागणी नगरसेवकांकडून हमखास येते. ओळीतलं अंतर पाठ ते पाठ ८५ ते ९० सेंमी असावं. ते ७५ वर आणलं की दोन-तीन ओळी वाढतात, पण मधून उठून जाणाऱ्यासाठी अख्खी रांग उभी राहते, आणि आग लागली तर तीच रांग अडकते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. तिथे ज्यादा खुर्च्यांसाठी बाल्कनीतली उजवीकडची वाट बंद केलेली होती. समितीत खुर्च्या वाढवायचा विषय निघाला की हे शांतपणे सांगावं.

नकाशा_नको

थोडा विरोधी सूर. ध्वनिशास्त्र, विद्युतभार, अग्निसुरक्षा हे तज्ज्ञांचे विषय आहेत. शंभर लोकांच्या सभेत हे ठरवायला गेलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. रहिवाशांना यात ओढून काय साधणार?

फक्की

@नकाशा_नको, मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच प्रश्न वाटून द्यावे लागतात. प्रतिध्वनी किती सेकंद घुमावा हे रहिवाशाला विचारू नका. नाटकाच्या बोलण्याला साधारण एक सेकंद ठीक, गाण्याच्या मैफलीला त्याहून थोडा जास्त. ते मोजायला तज्ज्ञ आहे. पण इथे नाटकं जास्त होणार की मैफली, की शाळांची स्नेहसंमेलनं, हे गावच सांगू शकतं आणि त्या उत्तरावरच तज्ज्ञाचा आकडा ठरतो. गावाला न विचारता तज्ज्ञ आकडा ठरवतो तेव्हा तो अंदाजाने "बहुउद्देशीय" लिहितो, आणि ते सभागृह कशालाच धड चालत नाही.

मोठी सभा हा वाईटच मार्ग आहे. त्याऐवजी :

नाट्यगृह फेरी. आठ-दहा जणांचा गट, दीड तास. सुरुवात मुख्य दारातून नाही, मागच्या ट्रकच्या फाटकातून. बरोबर टेप, टॉर्च आणि एक लिहिणारा. रंगपट, विंगा, लाइट रूम, मग प्रेक्षागृहात शेवटच्या ओळीची दोन्ही टोकं. तिथे प्रत्येकाने बसायचं आणि मंचावर उभ्या माणसाचे पाय दिसतात का ते सांगायचं. पुढच्या डोक्यावरून दिसायला दर ओळीमागे नजर साधारण १२ सेंमी वर जायला हवी. तेवढा चढ नसेल तर खुर्च्या अर्ध्याने सरकवून लावायच्या, म्हणजे दोन डोक्यांच्या मधून दिसतं. प्रत्येक फेरीत पालिकेचा वायरमन आणि सफाई कामगार असलेच पाहिजेत. पाणी कुठून गळतं, कुठला एमसीबी सारखा पडतो, पावसाळ्यात कुठल्या रंगपटात ओल येते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना साहेबांसमोर बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या फेरीला साहेब नकोत.

फक्कीची आखणी. नवा रंगमंच किंवा खुला मंच होणार असेल तर शाळेच्या मैदानावर फक्कीने (रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीने) खऱ्या मापात आखा. समजा १२ मीटर बाय ९ मीटर. विंगा आखा, पहिली ओळ आखा, ट्रक वळवून दाखवा, भजनी मंडळाला आणि शाळेतल्या लेझीम पथकाला त्या चौकटीत उभं करा. दोन पोती फक्की, एक दोरी, चार खुंट्या, दोन तास. नकाशा न कळणाऱ्या माणसालाही पथकाची शेवटची रांग फक्कीच्या बाहेर उभी राहिलेली दिसते. तिथल्या तिथे पाय घासून रेषा पुसतात आणि नवी ओढतात.

ठिपके लावणं. मागण्यांची यादी भिंतीवर, प्रत्येकाला पाच ठिपके. इथे एक चूक हमखास होते : एखादा गट चाळीस माणसं घेऊन येतो आणि ठिपके त्याच्याच मागणीवर. म्हणून गटागणिक वेगळ्या रंगाचे ठिपके द्यावेत. प्रेक्षक निळे, रंगकर्मी लाल, शेजारचे रहिवासी हिरवे. बेरीज करू नका. तिन्ही रंगांचे ठिपके जिथे पडले त्या मागण्या आधी घ्या. एकाच रंगाचा ढीग असेल तिथे त्या गटाशी वेगळं बोला.

वेळ पाहून ठरवा. शनिवार-रविवार संध्याकाळी रंगकर्मी प्रयोगात असतात. त्यांच्यासाठी सोमवार किंवा मंगळवारची सकाळ. बायकांची बैठक दुपारी तीनला अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या जागेत घेतली तर उपस्थिती होते, पालिकेच्या सभागृहात संध्याकाळी सातला होत नाही.

नकाशा_नको

रंगीत ठिपक्यांचं पटलं. तरी समितीवर नेमके तेच तेच लोक येतात, ते कसं टाळायचं?

फक्की

अकरा जणांची समिती धरा. चार जागा मतदार यादीतून चिठ्ठीने. निघालेल्या नावांच्या घरी जाऊन समक्ष विचारायचं. बरेच जण नाही म्हणतात, म्हणून चारसाठी तीसेक चिठ्ठ्या काढून ठेवा. दोन बॅकस्टेज, दोन हौशी संस्था, एक अपंग व्यक्ती, एक शेजारच्या गल्लीतला, एक शिक्षक. मुदत दोन वर्षं. ध्वनी, मंडप, खुर्च्या, कँटीन यांचा व्यवसाय करणारा असेल तर त्याने ते पहिल्याच बैठकीत लिहून द्यावं आणि त्या विषयाला बाहेर बसावं. त्याला अजिबात न घेणं चूक, कारण त्याला भाव माहीत असतात.

आळीकर

शेजारच्या गल्लीचं म्हणणं कुणीतरी मांडायला हवं. नाट्यगृहाला विरोध कुणाचाच नसतो. विरोध असतो रात्री साडेबाराला भरल्या जाणाऱ्या ट्रकला, जनरेटरच्या धुराला आणि दारासमोर लावलेल्या दुचाक्यांना.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खुला रंगमंच करायचा असेल तर जागा ठरवण्याआधी दोन-तीन घरांच्या खिडकीपाशी रात्री दहाला मीटर लावून आधीचीच पातळी मोजा. कित्येक रस्त्यांवर ती मुळातच मर्यादेपेक्षा जास्त निघते आणि मग वादाचा रोखच बदलतो. स्पीकरची तोंडं वस्तीकडे नकोत, जनरेटर बंदिस्त खोलीत आणि धुराडं छताच्या वर, सामान भरायचं फाटक मुख्य रस्त्याकडे. या तिन्ही गोष्टी आराखड्यातच ठरतात, नंतर नाही.

झाडीपट्टी_वडसा

पूर्व विदर्भासाठी एक वेगळा मुद्दा. झाडीपट्टीची (म्हणजे इथल्या लोकरंगभूमीची) नाटकं रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, हंगाम दिवाळीनंतरचा. बंद सभागृह बांधून तिथे "स्थानिक कलेला प्रोत्साहन" दिल्याचा फलक लावला तर उपयोग शून्य, कारण इथला प्रेक्षक मंडपात, जमिनीवर, हजारोंनी बसतो. गावाला विचारलं तर ते सभागृह मागणार नाहीत. सपाट मैदान, पक्का उंच मंच, तीन फेजची वीज, पाणी आणि बायकांसाठी शौचालयं मागतील.

ग्रामपंचायतीत मार्ग ग्रामसभेचा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ते. विषय आधी विषयपत्रिकेवर घालून घ्या, आयत्या वेळच्या विषयात आणलेला ठराव कच्चा राहतो. आधी होणाऱ्या महिलांच्या सभेतच शौचालयांचा ठराव करून घ्या. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात ४० टक्के अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी अशा स्थानिक गरजेला वापरता येत होता. गावच्या आराखड्यात नाव असणं ही अट.

तिसरी_घंटा

झाडीपट्टीचा मुद्दा फार मोलाचा. शहरातही हाच प्रश्न आहे, फक्त तो सभागृहाच्या भिंतीत लपून जातो.

पुणेरी_अंदाज

छोट्या कामांसाठी आणखी एक वाट. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. त्यात नाट्यगृह बसत नाही, पण बागेतला खुला ओटा, वाचनकट्टा, वस्तीतल्या समाजमंदिरात तालमीसाठी दिवे-पंखे बसतात. अर्जात जागा पालिकेच्या मालकीची आहे का हे आधी तपासून लिहा. न तपासलेले अर्ज तिथेच गळतात.

महापालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्रसभेची (प्रभागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूदही आली. ती प्रत्यक्षात यावी म्हणून नागरिक संघटनांना वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला आहे. आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी झाली हे विचारत राहायला हवं.

विंगेतून

इमारतीवर खूप बोलणं झालं. खरा निर्णय तारखांचा आणि दरांचा असतो, आणि तिथे रहिवाशांना कुणी विचारतच नाही.

तीन सत्रं धरा : सकाळ, दुपार, रात्र. शनिवार-रविवारची रात्र व्यावसायिक नाटकांना हवी असते, लग्नाच्या हंगामात समारंभांना, डिसेंबर-जानेवारीत शाळांना. स्थानिक हौशी संस्थेला उरते मंगळवारची दुपार. यावर उपाय म्हणजे आधीच लिहिलेला कोटा. उदाहरणार्थ, महिन्यातली एक शनिवार-रविवारची रात्र स्थानिक संस्थांना राखीव, ४५ दिवस आधीपर्यंत कुणी घेतली नाही तर खुली. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे रोजची सकाळ तालमीला, फक्त कामाचे दिवे लावून, वातानुकूलनाशिवाय, कमी दरात. तारीखवाटप उघड्यावर, चिठ्ठ्या टाकून, आणि वाटपाचा तक्ता त्याच दिवशी दाराबाहेर लावायचा.

दरपत्रकात नाटक, मैफल, शाळा, व्याख्यान, व्यावसायिक कार्यक्रम वेगवेगळे हवेत. अनामत किती दिवसांत परत मिळेल हे लिहिलेलं हवं. छोट्या संस्थेला भाड्यापेक्षा अडकलेली अनामत जास्त जड जाते. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, हे स्थानिक संस्थांना माहीत नसतं, दरपत्रकाखालीच छापावं.

रॅम्प_१_१२

सुगम्यतेबद्दल दोनच गोष्टी. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे जोतं ६० सेंमी असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब लागतो. तेवढी जागा आराखड्यात ठेवली नाही की शेवटी दोन मीटरचा कडा बांधतात आणि त्यावरून चाकाची खुर्ची ढकलायला तीन माणसं लागतात. दुसरं, प्रेक्षकांसाठी रॅम्प होतो, कलाकारासाठी कुणी करत नाही. मंच जोत्यापासून ९० सेंमी उंच असेल तर वेगळा १०.८ मीटर उतार शोधण्यापेक्षा मागच्या आवारातूनच भराव टाकून मंचाच्या पातळीला येणारी वाट ठेवा. सेटच्या ट्रॉलीलाही तीच कामी येते.

इस्टिमेट_शाखा

काम झाल्यावरचं राहिलं. समितीने मोडू नये. दोषदायित्वाच्या काळात (ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत) गळती, खुर्च्या, पडद्याची मोटर यांची नोंदवही ठेवावी, तारीख आणि फोटोसह. मुदत संपायच्या महिनाभर आधी सगळ्या नोंदी लेखी द्याव्यात, अनामत परत गेल्यावर ठेकेदार येत नाही. अग्निसुरक्षेचं फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते दिलं का, हे विचारायचं काम समितीचंच.

तिसरी_घंटा

सर्वांचे मनापासून आभार. मुख्याधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा केलाय, तपासून द्या :

"विषय : नाट्यगृह नूतनीकरणाचे अंदाजपत्रक तयार करण्यापूर्वी नागरिकांचा सहभाग घेण्याबाबत.
१) सल्लागाराने प्राथमिक आराखडा व बाबनिहाय यादी मराठीत नाट्यगृहाच्या दाराशी २१ दिवस लावावी. २) रंगकर्मी, प्रेक्षक, शेजारील रहिवासी, अपंग व्यक्ती आणि पालिका कर्मचारी यांच्या स्वतंत्र फेऱ्या घ्याव्यात. ३) आलेल्या सूचना विचारात घ्याव्यात. ४) तारीखवाटप व दरपत्रकाचे धोरण नूतनीकरणाबरोबरच ठरवावे."

इस्टिमेट_शाखा

तिसरा मुद्दा बदला. "विचारात घ्याव्यात" याचं उत्तर "विचारात घेतल्या" एवढंच येतं. असं लिहा : "प्रत्येक सूचनेस क्रमांक देऊन तीपुढे स्वीकारली / नाकारली / पुढील टप्प्यात असा शेरा कारणासह नोंदवावा व तो तक्ता तांत्रिक मान्यतेच्या प्रस्तावास जोडावा." प्रस्तावाला जोडला की तो नस्तीचा भाग होतो. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळतो. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवा. शिवाय निर्णयांची कारणं बाधित लोकांना सांगणं हे त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार कार्यालयाचं कर्तव्य आहे. तो उल्लेख शेवटी एका ओळीत करा.

चौथी_रांग

आणि स्वच्छतागृहांचा हिशेब सोबत वेगळं पान म्हणून जोडा. मूळ अर्ज एका पानाचाच राहू द्या.

फक्की

दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.